जुन्या तिजोरीचं कुलूप ओळखताय? या चुका टाळा

वाड्याच्या वाटण्या होतात तेव्हा समया, झोपाळा, तांब्याचे हंडे यांना लगेच वाटेकरी मिळतात. तिजोरी मात्र जिथल्या तिथे राहते, कारण ती उचलायची कोणी आणि किल्ली कुठे आहे ते ठाऊक कुणाला! मग कधीतरी एखादा पुतण्या दारावरच्या पितळी पाटीचा फोटो काढतो आणि विचारतो, ‘हे कुठलं कुलूप?’

पहिली चूक इथेच होते. पाटी तिजोरीची असते, कधी कधी तर फक्त विक्रेत्याची. आत बसवलेलं कुलूप तिसऱ्याच कारखान्याचं असू शकतं. लिव्हरपूलचे मिलनर, बोल्टनचे चॅटवूड, लंडनचे चब ही नावं पाटीवर दिसली तर तो एक धागा, एवढंच समजा. पाटीवर ‘पेटंट’च्या पुढे छापलेलं साल पेटंटचं असतं, तिजोरी त्यानंतर कितीही वर्षांनी घडलेली असू शकते. त्यापेक्षा पत्ता उपयोगी पडतो. चबच्या पाटीवर सेंट पॉल्स चर्चयार्ड असेल तर माल जुना, १२८ क्वीन व्हिक्टोरिया स्ट्रीट असेल तर नंतरचा. गोदरेजनी कुलपांचं काम १८९७ मध्ये आणि तिजोऱ्यांचं १९०२ मध्ये सुरू केलं. तेव्हा जुन्या बाजारात गोदरेजची तिजोरी कुणी ‘पेशवेकालीन’ म्हणून दाखवली, तर मान डोलवावी आणि पुढच्या गाळ्याकडे वळावं.

पाटी वाचता येत नाही म्हणून ती चिंचेने किंवा पितांबरीने घासू नका. उथळ कोरलेली अक्षरं दोन-चार घासण्यांत बुजतात. खोलीत अंधार करून टॉर्च पाटीला जवळजवळ टेकवून आडवा धरा, म्हणजे अक्षरांच्या सावल्या पडतात आणि तेवढ्यावर काम भागतं.

खरी ओळख किल्लीच्या भोकात आहे, आणि फोटो नेमका त्याचाच नसतो. आत डोकावल्यावर मधोमध एक काडी उभी दिसली तर किल्ली पोकळ नळीची. काडी नसेल तर भरीव दांड्याची. भोकाला मधल्या गोलाच्या दोन्ही बाजूंना खाच असेल तर किल्लीलाही दोन्हीकडे पातं असण्याची शक्यता मोठी. भोक नुसतं गोल आणि लहान असेल तर सावध व्हा. ते ब्रामा या इंग्लिश कुलूपकाराच्या पद्धतीचं असू शकतं. त्याची किल्ली म्हणजे टोकाला खाचा असलेली बारीक नळी. ‘किल्लीचं भोक असं कुठे असतं?’ म्हणून लोक त्यात स्क्रूड्रायव्हर घालतात आणि आतल्या पट्ट्या वाकवून ठेवतात. १८५१ च्या लंडन प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराला ब्रामाचं कुलूप उघडायला सोळा दिवसांत मिळून ५१ तास लागले होते. स्क्रूड्रायव्हरने आपण काय दिवे लावणार?

भोकच दिसत नसेल तर ते लपवलेलं आहे असं धरा. रिव्हेटांच्या रांगेवरून नखं फिरवा. बाकीच्यांभोवती रंगाचे थर घट्ट बसलेले असतात आणि एखाद्याच्याच कडेला केसाएवढी फट असते. ते रिव्हेट बाजूला सरकतं किंवा फिरतं. हातोडी लागत नाही.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे घरातला किल्ल्यांचा जुडगा आणून एकेक घालून बघणं. लिव्हरच्या, म्हणजे आत उचलल्या जाणाऱ्या पट्ट्यांच्या कुलपात प्रत्येक पट्टी ठरावीक उंचीवर उचलली गेली तरच खटका सरकतो. चबच्या डिटेक्टर कुलपात (पेटंट १८१८ चं) एखादी पट्टी जरुरीपेक्षा वर गेली की ती तिथेच अडकते. मग खरी किल्लीसुद्धा फिरत नाही. किल्ली सापडली, बसलीही, पण अर्ध्यावर अडते, तर चावीवाल्याला कानस चालवू देऊ नका. आधी ती हलक्या हाताने उलट दिशेला फिरवून बघा. डिटेक्टर असेल तर बऱ्याच कुलपांत तेवढ्याने पट्टी सुटते आणि मग किल्ली नेहमीसारखी फिरते.

किल्ली पूर्ण फिरली आणि दार हललं नाही, म्हणजे कुलूप बिघडलं असं नव्हे. मोठ्या तिजोरीत किल्ली फक्त मुठीला मोकळं करते, दारातले जाड दांडे मागे घेते ती मूठ. वर्षानुवर्षं दार दांड्यांवर रेललेलं असतं, म्हणून एकाने दार आत दाबून धरावं आणि दुसऱ्याने मूठ फिरवावी.

तेल ओतू नका. लिव्हरच्या स्प्रिंगा पातळ असतात. तेलात धूळ बसून डिंकासारखा चिकटा झाला की पट्टी खाली पडतच नाही. पेन्सिलीच्या शिशाची पूड पुरते.

ड्रिल शेवटचं, आणि तेही आतलं कुलूप ओळखल्यावरच. जुन्या अग्निरोधक तिजोऱ्यांच्या दारात तुरटी आणि लाकडाचा भुसा भरलेला असतो, काहींत ॲसबेस्टॉस. ती धूळ घरात उडवायची नाही. काही जुन्या अमेरिकन तिजोऱ्यांत तर चोरासाठी अश्रुधुराच्या काचेच्या कुप्या बसवलेल्या आहेत.

जाणकाराला दाखवायचं असेल तर किल्लीच्या भोकाचा, मुठीचा, बिजागरीचा आणि दाराच्या कडेचा फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून काढा. किल्ली असेल तर तिच्या पात्यावरच्या उंच-सखल पायऱ्या मोजून कळवा. साधारणपणे लिव्हर जितके, त्याहून एक पायरी जास्त, कारण एक पायरी खटका सरकवायला लागते. किल्लीचा फोटो मात्र उघड्यावर टाकू नका. चांगला कारागीर शेजारच्या मोजपट्टीवरून मापं घेऊन तशीच दुसरी किल्ली घडवू शकतो.