पीसी अपग्रेड करताय? पार्ट निवडताना या चुका टाळा

पीसी स्लो वाटायला लागला की डोक्यात पहिलं येतं ते म्हणजे ग्राफिक्स कार्ड बदलू, नाहीतर रॅम वाढवू. आणि बऱ्याच जणांच्या पीसीत या दोन्हीची गरजच नसते. विंडोज अजून जुन्या फिरणाऱ्या हार्ड डिस्कवर असतं, बटण दाबून आंघोळ करून आलं तरी डेस्कटॉप नीट लोड झालेला नसतो, आणि पठ्ठ्या आठची सोळा जीबी रॅम करून बसतो. मग म्हणतो काहीच फरक पडला नाही. कसा पडणार, अडत होतं डिस्कपाशी आणि पैसे गेले रॅमवर.

तर सगळ्यात मोठी चूक हीच, काय अडतंय ते न बघता पार्ट ठरवून टाकणं. बघायला वेगळं सॉफ्टवेअर पण लागत नाही. ज्या कामाला पीसी अडकतो तेच काम चालू ठेवायचं, गेम असेल तर गेम, व्हिडिओ एक्सपोर्ट असेल तर एक्सपोर्ट, आणि टास्क मॅनेजरचा परफॉर्मन्स टॅब उघडायचा. डिस्क सतत १०० टक्क्यांवर असेल तर एसएसडी (फिरणारे भाग नसलेली वेगवान डिस्क) टाका, विषय संपला. मेमरी ९० च्या वर असेल तर रॅम. ग्राफिक्स कार्ड ९५ च्या वर असेल तर कार्ड खरंच पुरत नाहीये. आणि कार्ड ५०-६० वर निवांत बसलंय तरी गेम अडखळतोय, तर बहुतेक प्रोसेसर मागे पडतोय (फक्त गेममध्ये व्हीसिंक किंवा एफपीएस लिमिट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम दाखवायच्या यावरची मर्यादा, चालू नाही ना ते आधी बघा, त्याने पण कार्ड निवांत दिसतं). इथे एक फसवं आहे. प्रोसेसरचा एकूण आकडा ३० टक्केच दिसतो आणि लोक म्हणतात प्रोसेसर तर मोकळाच आहे, पण ग्राफवर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर वेगवेगळे दाखवायला सांगितलं की एखादा कोअर पूर्ण भरलेला दिसू शकतो, आणि बरेच गेम त्या एकाच कोअरवर लटकलेले असतात.

ते ऑनलाइन बॉटलनेक (कुठला पार्ट बाकीच्यांना अडवतोय ते) कॅल्क्युलेटर असतात ना, प्रोसेसर आणि कार्डाचं नाव टाकलं की "१७ टक्के बॉटलनेक" सांगणारे, त्यांच्या नादी लागू नका. तोच पीसी १०८०पी रिझोल्यूशनला प्रोसेसरपाशी अडतो आणि ४के ला ग्राफिक्स कार्डपाशी, गेम बदलला की परत चित्र बदलतं, एका आकड्यात हे बसत नाही.

आणि काहीही घ्यायच्या आधी एकदा साइड पॅनल उघडून धूळ काढा. हीटसिंकमध्ये (प्रोसेसरवरचा उष्णता काढणारा धातूचा भाग) धुळीचा थर बसला की प्रोसेसर तापतो, तापला की स्वतःच स्पीड कमी करतो, आणि आपण समजतो जुना झाला.

प्रोसेसर आणि बोर्ड: सॉकेट जुळलं म्हणजे झालं असं नाही

याच्यात सगळ्यात जास्त लोक अडकतात. सॉकेटचं, म्हणजे मदरबोर्डावरच्या प्रोसेसर बसवायच्या जागेचं, नाव बघतात, जुळलं की ऑर्डर टाकतात. इंटेलचं एलजीए ११५१ घ्या. सहाव्या-सातव्या पिढीला पण ११५१ आणि आठव्या-नवव्याला पण ११५१, पिना तेवढ्याच, प्रोसेसर खाचेत व्यवस्थित बसतो सुद्धा, पण १०० आणि २०० सिरीजच्या चिपसेटवर (बोर्डावरची मुख्य कंट्रोल चिप) आठवी पिढी चालत नाही, तिला ३०० सिरीजचा बोर्ड लागतो. एलजीए १७०० चं उलटं, बारावी ते चौदावी पिढी एकाच सॉकेटमध्ये, पण काही बोर्ड डीडीआर४ रॅमचे आणि काही डीडीआर५ चे, त्यामुळे "माझी जुनी रॅम वापरतो" म्हणणाऱ्याने बोर्डाचं पूर्ण नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायचं.

एएमडीवाले यात नशीबवान. एएम४ सॉकेट रायझनसोबत २०१७ पासून चालू आहे आणि बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलं की बऱ्याच जुन्या बोर्डांवर रायझन ५००० सुद्धा चालतो. माझं मत विचाराल तर एएम४ वर पहिल्या-दुसऱ्या पिढीचा रायझन असेल तर नवीन बोर्ड, नवीन रॅम या भानगडीत पडण्याआधी नुसता प्रोसेसर बदलून बघा. मात्र "बऱ्याच बोर्डांवर" म्हणजे सगळ्या नाही. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलची सीपीयू सपोर्ट लिस्ट असते, तिच्यात प्रोसेसरच्या नावासमोर कुठल्या बायोस व्हर्जनपासून चालतो ते लिहिलेलं असतं. ती लिस्ट खरी. दुकानदार, मित्र, मी, कोणाच्याही शब्दापेक्षा खरी.

आणि क्रम चुकवू नका. आधी जुना प्रोसेसर बसलेला असतानाच बायोस अपडेट करायचं, मग नवीन टाकायचा. उलटं केलं तर स्क्रीनच येत नाही आणि बायोसमध्ये जाता येत नाही. काही बोर्डांवर प्रोसेसर नसताना पण पेनड्राइव्हवरून बायोस टाकायचं बटण मागच्या बाजूला असतं, ते असेल तर सुटलात.

हे सगळं करायच्या आधी बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का बघा, कारण बरेच लॅपटॉप-डेस्कटॉप मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की आपोआप ड्राइव्ह लॉक करून ठेवतात आणि मालकाला पत्ता नसतो. रायझनमध्ये प्रोसेसर बदलल्यावर पहिल्या बूटला काळ्या स्क्रीनवर मेसेज येतो, नवीन सीपीयू सापडला, एफटीपीएम (एन्क्रिप्शनच्या की सांभाळणारा प्रोसेसरमधला टीपीएम) रीसेट करायचा असेल तर वाय दाबा, नसेल तर एन. घाईत वाय दाबलं आणि रिकव्हरी की जवळ नाही, की विंडोज त्या की शिवाय उघडत नाही. की आधीच दुसऱ्या कुठेतरी सेव्ह करा, एन्क्रिप्शन तात्पुरतं सस्पेंड करा, मग खुशाल वाय दाबा.

एएम४ मध्ये जुना प्रोसेसर काढताना अजून एक गंमत होते. थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरच्या मधली उष्णता नेणारी पेस्ट) सुकून चिकटलेली असते, कूलर सरळ वर ओढला की सॉकेटचा खटका बंद असताना सुद्धा प्रोसेसर कूलरला चिकटून बाहेर येतो आणि खालच्या पिना वाकतात. म्हणून आधी पीसी दहा-पंधरा मिनिटं लोडवर चालवा म्हणजे पेस्ट मऊ होते, मग शटडाऊन करून वायर काढा, कूलरचे क्लिप किंवा स्क्रू सोडवा, आणि कूलर वर न उचलता आधी जागच्या जागी डावी-उजवीकडे हळूहळू पिळा. सुटला असं हाताला कळतं. मग उचला.

विंडोजचं पण लक्षात घ्या. विंडोज १० चा रेग्युलर सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा पुढची लागते. त्यामुळे सेकंडहँडमध्ये सातव्या पिढीचा आय७ स्वस्तात मिळतोय म्हणून उड्या मारू नका, मायक्रोसॉफ्टच्या लिस्टमध्ये आय३ ८१०० आहे आणि आय७ ७७००के नाही.

पॉवर सप्लाय: दिसत नाही म्हणून विसरतात

नाकापेक्षा मोती जड म्हणतात ना, तसं महागडं कार्ड आणि खाली कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय. नॉर्मल वापरात चालतं, गेम चालू केला की पाच मिनिटांत पीसी धाडकन बंद आणि रीस्टार्ट. लोक विंडोज परत टाकतात, ड्रायव्हर बदलतात, कार्ड परत पाठवतात.

हिशोब सोपा आहे. पीसीआयई स्लॉट (बोर्डावर कार्ड बसतं ती जागा) जास्तीत जास्त ७५ वॅट देतो, ६ पिन कनेक्टर ७५, ८ पिन १५०. कार्डाला कुठले कनेक्टर लागतात ते स्पेसिफिकेशनमध्ये असतं, आणि कार्ड बनवणारे किती वॅटचा सप्लाय हवा ते पण लिहितात, तो आकडा पाळा. ८० प्लस गोल्डचा स्टिकर बघून भुलू नका, तो फक्त वीज किती वाया जाते याबद्दल आहे, आतली क्वालिटी किंवा प्रोटेक्शन याबद्दल तो काही सांगत नाही. आणि कार्डाला दोन ८ पिन लागत असतील आणि सप्लायमध्ये एकच असेल तर मोलेक्सवरून (जुना ४ पिनचा कनेक्टर) कन्व्हर्टर लावायचा जुगाड नको. कनेक्टरच दिलेला नाही याचा अर्थ सप्लाय त्या कामाचा नाही.

यातली खरी महागात पडणारी चूक मात्र मॉड्युलर केबलची, म्हणजे सप्लायपासून सुट्या होणाऱ्या केबलची. सप्लाय बदलताना लोक म्हणतात जुन्या केबल छान बांधलेल्या आहेत, त्याच राहू देत, फक्त डबा बदलतो. नाही! पार्टकडचं टोक सगळीकडे सारखं असतं पण सप्लायकडच्या टोकाला कुठलंही स्टँडर्ड नाही, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्ये पण पिना वेगळ्या असतात. केबल आरामात बसते, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले की हार्ड डिस्क, एसएसडी एका क्षणात जळतात, डेटासकट. नवीन सप्लाय म्हणजे नवीन केबल, सगळ्याच्या सगळ्या.

नवीन मोठ्या कार्डांना १६ पिनचा छोटा कनेक्टर असतो. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० आलं तेव्हा वितळलेल्या कनेक्टरचे फोटो सगळ्यांनी बघितले असतील, एन्व्हिडियाचं म्हणणं तेव्हा असं होतं की बऱ्याच केसमध्ये तो पूर्ण आत बसलेलाच नव्हता. म्हणून दाबून बसवा, मधे फट दिसता कामा नये, आणि कनेक्टरच्या तोंडाशीच केबल वाकवू नका. साइड पॅनल लावताना केबल दाबली जात असेल तर कॅबिनेट छोटं पडतंय.

ब्रँडेड तयार डेस्कटॉप असेल तर आधी खोलून बघाच. काहींच्या बोर्डाला नेहमीचा २४ पिन कनेक्टरच नसतो, सप्लायचा आकार पण वेगळा, मग "फक्त सप्लाय बदलतो" म्हणत सुरू केलेलं काम बोर्ड आणि कॅबिनेटपर्यंत जातं.

रॅम, एसएसडी आणि बाकीचं

डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना, पण खाच वेगळ्या जागी, त्यामुळे जोर लावायला गेलात तर स्लॉट तुटेल. जुन्या स्टिकसोबत नवीन वेगळी स्टिक चालते बऱ्याचदा, पण सगळ्या हळू असलेल्या स्टिकच्या स्पीडला चालतात, आणि कधीकधी चालतच नाहीत. शक्य असेल तर दोनचा किट घ्या. डीडीआर५ मध्ये चारही स्लॉट भरायचा मोह टाळा, चार स्टिकवर स्पीड चांगलाच खाली येतो, ३२ हवी असेल तर १६ च्या दोन.

दोन स्टिक शेजारी-शेजारी लावणं ही अजून एक नेहमीची. चार स्लॉट असले तर साधारण प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा, नाहीतर ड्युअल चॅनल (दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरणं) मिळत नाही. आणि ३६०० ची रॅम घेऊन वर्षानुवर्षं २१३३ वर चालवणारे किती तरी आहेत, कारण बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्यावर लिहिलेल्या स्पीडला चालवणारं सेटिंग, एएमडीत एक्सपो किंवा डीओसीपी पण म्हणतात) चालूच केलेलं नसतं. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीखाली स्पीड दिसतो, आत्ताच बघा.

एसएसडीत नाव बघा, नुसता आकार नाही. एम.२ हा आकार आहे, त्यात साटा पण येते आणि एनव्हीएमई पण, आणि काही स्लॉट दोन्हींपैकी एकच घेतात. साटा साधारण ५५० एमबी पर सेकंदला अडते, जेन ३ (पीसीआयईची तिसरी पिढी) एनव्हीएमई साडेतीन हजारांच्या आसपास. बोर्ड जेन ३ असेल तर जेन ४ एसएसडी चालेल पण जेन ३ च्याच स्पीडने. आणि एम.२ लावल्यावर अचानक जुनी हार्ड डिस्क गायब झाली तर घाबरू नका, बऱ्याच बोर्डांवर एम.२ भरला की एक-दोन साटा पोर्ट बंद होतात, मॅन्युअलमध्ये कुठले ते दिलेलं असतं, केबल दुसऱ्या पोर्टला लावा.

ग्राफिक्स कार्डाची लांबी आणि जाडी मिलिमीटरमध्ये मोजून घ्या, पुढचे फॅन आणि रेडिएटर धरून. जुन्या बोर्डवर स्वस्त कार्ड घेताना लेन (डेटा जायच्या वाटा) किती आहेत ते पण बघा, आरएक्स ६५०० एक्सटी ला चारच लेन आहेत, पीसीआयई ४ वर ठीक, पीसीआयई ३ च्या बोर्डवर टाकलं की मार खातं. इंटेल आर्क घ्यायचं असेल तर बोर्डात रीसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) हवाच, नाहीतर कार्डाची निम्मी मजा गेली.

सगळं लावलं, आता डिस्प्लेच येत नाही

फॅन फिरतात, लाइट लागतात, स्क्रीन काळी. आधी केबल मागे कुठे लावलीय बघा, बोर्डाच्या एचडीएमआयला की कार्डाच्या. इंटेलच्या नावाच्या शेवटी एफ असलेल्या प्रोसेसरमध्ये इनबिल्ट ग्राफिक्स नसतंच, बोर्डाच्या पोर्टमधून काही येणार नाही. मग वरच्या कोपऱ्यातली प्रोसेसरची पॉवर केबल, ही ४+४ असते आणि कार्डाची ६+२, दिसायला सारख्या म्हणून लोक चुकीची ठोकून बसवायला बघतात. मग रॅम, एकच स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये, दोन्हीकडचा क्लिक आवाज आला पाहिजे. बोर्डावर छोटे डीबग एलईडी असतील तर कुठला लाइट अडकलाय ते बघा, सीपीयू, डीरॅम, व्हीजीए असं बाजूलाच लिहिलेलं असतं. तरी नाही आलं तर मेन वायर काढून बोर्डावरचा गोल सीआर२०३२ सेल काढा (याने बायोसची सेटिंग रीसेट होतात), थोडा वेळ थांबा, परत लावा.

डीडीआर५ वाल्यांनी मात्र पहिल्या बूटला धीर धरा. मेमरी ट्रेनिंग (बोर्ड नवीन रॅमशी जुळवून घेतो ते) चालू असतं, काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते, आणि लोक मधेच बटण दाबून परत परत तेच सुरू करत बसतात.

चालू झाल्या झाल्या टेंपरेचर ९०-१०० ला गेलं तर कूलरच्या तळाचं प्लास्टिकचं पारदर्शक स्टिकर काढलं होतं का ते आठवा. रायझन ७००० चे वरचे मॉडेल फुल लोडला ९५ ला जातात ते कंपनीने तसंच ठेवलंय, पण नुसत्या डेस्कटॉपवर ९० असेल तर कूलर उघडायचाच. आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतलाय तर विंडोजच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन रिफ्रेश रेट बघा, बऱ्याचदा तो ६० वरच असतो.

जुने पार्ट महिनाभर तरी विकू नका. नवीन कार्डात खोट आहे की बोर्डात, हे जुनं कार्ड परत लावून पाच मिनिटांत कळतं, आणि बायोस परत टाकायची वेळ आली तर जुना प्रोसेसरच कामाला येतो.