एनसीसीतून अकादमीकडे: कॉलेजच्या दुसऱ्या वर्षीच हे करा

परवा गावाकडच्या एका मुलाचा फोन आला. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, एनसीसीत सीनियर अंडर ऑफिसर, म्हणजे कॅडेटांमधला वरचा हुद्दा, आणि एनसीसीची शेवटची, सी सर्टिफिकेटची परीक्षा महिन्यावर आलेली. "दादा, आता सैन्याच्या अकादमीचा फॉर्म कधी भरायचा?" पोरगा गुणी आहे, धावतोही चांगला. पण हा प्रश्न त्याने दुसऱ्या वर्षाला असताना विचारायला हवा होता. त्याला तासभर जे सांगितलं तेच इथे लिहितोय, कारण त्या वयात मला हे सांगणारं कोणी नव्हतं.

कॉलेजात गेलं की एनडीए, म्हणजे खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण अकादमी, संपली, असं घरचेच ठरवून टाकतात. तसं नाही. वयाची अट साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांची, आणि परीक्षा वर्षातून २ वेळा. ज्यांचं शिक्षण वेळेवर झालंय, त्यांना एफवायला असताना आणखी एखादी संधी मिळतेच. मुलींनाही २०२२ पासून खडकवासल्याला प्रवेश आहे. मी एफवायला एनसीसीत नाव घातलं आणि त्याच वर्षी एनडीएची लेखी पुन्हा दिली. गणित ३०० गुणांचं, जनरल अ‍ॅबिलिटी ६०० गुणांची. या वेळी लेखी निघाली आणि एसएसबीसाठी, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या पाच दिवसांच्या चाचण्या-मुलाखतीसाठी, भोपाळचं बोलावणं आलं.

तिथे काय झालं ते जरा सविस्तर सांगतो. पहिल्या दिवशी स्क्रीनिंग असतं. बुद्धिमत्तेच्या चाचण्या होतात, मग पडद्यावर एक धूसर चित्र ३० सेकंद दाखवतात, त्यावर ४ मिनिटांत गोष्ट लिहायची आणि ती गटात सांगायची. बरीच मुलं त्याच दिवशी परत जातात. मी राहिलो. मुलाखतीत साहेबांनी माझा माहितीचा फॉर्म समोर धरला. त्यावर मी 'एनसीसी, १० दिवसांचा वार्षिक कॅम्प' असं ठसठशीत लिहिलं होतं. त्यांनी शांतपणे विचारलं, कॅम्पला किती कॅडेट होते? पाणी कुठून यायचं? स्वयंपाक कोण करायचं? तुझ्या तंबूत कोणी आजारी पडलं का? तू काय केलंस? मला आठवत होती ती शेवटच्या दिवशीची परेड आणि कॅम्पफायर. दहा दिवस मी तिथे होतो, पण हजेरीपुरता. पाचव्या दिवशी कॉन्फरन्स झाली, निवड झालेल्यांचे चेस्ट नंबर (छातीवर लावलेले क्रमांक) पुकारले, त्यात माझा नव्हता.

परतीच्या गाडीत एक गोष्ट पक्की कळली. एनसीसीमुळे दार उघडतं, पण आत गेल्यावर तुम्ही एनसीसीत खरोखर काय केलं तेच विचारतात. म्हणून पुढच्या कॅम्पला उस्तादांकडे (आम्हाला शिकवणाऱ्या लष्करी प्रशिक्षकांकडे) जाऊन क्वार्टर मास्टरचं काम मागून घेतलं. ते काम कोणाला नको असतं. पहाटे चारला उठून रेशन मोजून घ्यायचं, बादल्या, ताडपत्र्या, गाद्या यांचा हिशेब ठेवायचा. तिसऱ्या दिवशी दुपारचा पाण्याचा टँकर आलाच नाही, आणि चारशेच्या वर मुलं घामाघूम होऊन ग्राउंडवरून परतणार होती. आम्ही सहा जणांनी आंघोळीचं पाणी बंद केलं, टाकीजवळ पहारा लावला आणि दर तंबूला दोन बादल्या मोजून दिल्या. एका कंपनीची (कॅम्पमधल्या तुकडीची) मुलं वाद घालायला लागली. त्यांना वही दाखवली, आमच्या तंबूची एक बादली त्यांना दिली, तेव्हा ती शांत झाली. टँकर रात्री आठला आला. पुढच्या एसएसबीत याच दिवसावर पाऊण मुलाखत झाली आणि एकाही उत्तरासाठी मला अडखळावं लागलं नाही.

आता फॉर्मचं. पदवीच्या मुलांसाठी दोन वाटा आहेत, आणि दोन्ही धरायच्या. एक सीडीएस, म्हणजे कम्बाइंड डिफेन्स सर्व्हिसेस. यूपीएससीची ही परीक्षाही वर्षातून २ वेळा होते. डेहराडूनच्या आयएमएसाठी (इंडियन मिलिटरी अकादमी) इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि गणित असे प्रत्येकी १०० गुणांचे ३ पेपर, चेन्नईच्या ओटीएसाठी (ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमी) गणित नाही. आयएमएच्या १०० जागांपैकी १३ जागा एनसीसीच्या आर्मी विंगच्या सी सर्टिफिकेटवाल्यांसाठी राखीव असतात, हे कित्येक कॅडेटना माहीतच नसतं. दुसरी वाट एनसीसी स्पेशल एंट्रीची. तिथे लेखी परीक्षा नाही, थेट एसएसबी. वय १९ ते २५, पदवीला ५० टक्के आणि सी सर्टिफिकेटला किमान बी ग्रेड. ट्रेनिंग चेन्नईला, ४९ आठवड्यांचं. शेवटच्या वर्षाच्या मुलांनाही अर्ज करता येतो, तोवरच्या वर्षांची सरासरी ५० टक्के हवी. मात्र ५० वर समाधान मानू नका. अर्ज जास्त आले की टक्केवारीवर यादी छाटली जाते, आणि परेडच्या नादात विषय मागे ठेवलेला कॅडेट तिथेच अडकतो.

दुसऱ्या वर्षाचा आग्रह मी का धरतो, तर बी सर्टिफिकेट त्याच वर्षी पदरात पडायला हवं, त्याशिवाय तिसऱ्या वर्षी सी ला बसता येत नाही. परेडची ७५ टक्के हजेरी भरायला हवी, कॅम्प झालेला हवा. सी चा निकाल आणि सर्टिफिकेट हातात यायला परीक्षेनंतर काही महिने जातात. माझ्या सर्टिफिकेटवर वडिलांचं नाव चुकीचं छापून आलं. दुरुस्तीचा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला आणि तेवढ्यात स्पेशल एंट्रीची एक मुदत निघून गेली. सहा महिने हातचे गेले, त्याची रुखरुख अजून आहे.

पुढच्या वेळी अर्ज केला, रेकमेंड झालो, म्हणजे एसएसबीने शिफारस केली, मेडिकलही पास झालो. घरी पेढे वाटले. मग मेरिट लिस्ट लागली आणि त्यात नाव नव्हतं. स्पेशल एंट्रीच्या जागा देशभरात मिळून मोजक्याच असतात, मुलींच्या तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. रेकमेंड होणं आणि रुजू होणं यांत ही यादी असते, हे आईवडिलांनाही आधीच सांगून ठेवा. मी सीडीएसचा फॉर्म न चुकता भरत होतो म्हणून वाचलो. पुढे त्याच वाटेने चेन्नईला गेलो.

तयारीसाठी महागडा क्लास लागतोच असं नाही. नाशिक रोडला राज्य सरकारचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे महाराष्ट्रातल्या उमेदवारांची एसएसबीची तयारी राहण्याजेवणासकट मोफत करून घेतात. एनसीसी ग्रुप हेडक्वार्टरने शिफारस केलेल्या सी सर्टिफिकेटवाल्यांनाही तिथे घेतात. पाठ केलेली उत्तरं मात्र कुठूनच आणू नका. एसएसबीच्या शब्दचाचणीत ६० शब्द येतात, प्रत्येकावर वाक्य लिहायला १५ सेकंद. एवढ्या वेळात मनात असेल तेच कागदावर उतरतं. आमच्यासारख्या मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजीचा धसका असतो. मी रोज रात्री खोलीतल्या मित्रासमोर उभा राहून एका विषयावर ३ मिनिटं बोलायचो, एसएसबीतल्या लेक्चरेटला, म्हणजे छोट्या भाषणाला, तेवढाच वेळ असतो. पहिला महिना वाक्यं तुटायची. तिसऱ्या महिन्यात मित्र उलटे प्रश्न विचारायला लागला.

मेडिकलची तपासणी तर आजच करून घ्या. वजन, कानातला मळ, रंगांधळेपणा, सपाट तळवे, एकमेकांना टेकणारे गुडघे. यातलं काही दुरुस्त होतं, काही होत नाही, आणि ते शेवटच्या टप्प्यावर कळलं तर फार लागतं. एखाद्या एंट्रीतून पहिल्यांदाच एसएसबीला जात असाल तर रेल्वेचं थर्ड एसीचं भाडं परत मिळतं. तिकीट जपून ठेवा.

त्या मुलाला फोन ठेवताना एक काम दिलं. दहावीचं सर्टिफिकेट, आधार, बी सर्टिफिकेट आणि सी च्या परीक्षेचा फॉर्म शेजारी शेजारी ठेवायचा आणि नावं अक्षर अक्षर ताडून बघायची. साडेदहाला त्याने त्या कागदांचा फोटो पाठवला. आईच्या नावात एक काना जास्त होता. सकाळी आठला तो एनसीसीच्या युनिटमध्ये जाणार आहे.