जुन्या कॅम्पर व्हॅनला मोठा अल्टरनेटर बसवताना

सौंदत्तीच्या यल्लम्माला किंवा चिंचलीच्या मायक्काला सहकुटुंब मुक्कामी जाता यावे म्हणून जुनी डिझेल व्हॅन घेऊन तिच्यात झोपण्याची, स्वयंपाकाची आणि फ्रिजची सोय करून घेणाऱ्यांपुढे एक अडचण हमखास उभी राहते. गाडी दिवसभर चालूनही या सोयींसाठी बसवलेली मागची बॅटरी मध्यरात्रीच मान टाकते. इंजिनाच्या बेल्टवर फिरून वीज तयार करणारा गाडीचा मूळ अल्टरनेटर, ज्याला आपल्याकडची गॅरेजे अजूनही डायनॅमोच म्हणतात, दिवे, वायपर आणि स्टार्टरची बॅटरी एवढ्यांचाच विचार करून दिलेला असतो. तो बदलणे योग्यच आहे, पण त्याआधी दोष नक्की त्याचाच आहे का, हे पाहून घ्यावे.

त्यासाठी साधा मल्टिमीटर पुरतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर चांगल्या लेड ॲसिड बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाब दिसतो आणि इंजिन चालू केल्यावर तो १३.८ ते १४.४ व्होल्टपर्यंत चढायला हवा. नंतर हेडलाइट, ब्लोअर आणि फ्रिज चालू करून, इंजिनाचा वेग थोडा वाढवून अल्टरनेटरच्या मुख्य टर्मिनलवरचा आणि बॅटरीच्या टोकावरचा दाब असे दोन्ही मोजावेत. अल्टरनेटरपाशी १४.२ आणि बॅटरीपाशी १३.३ व्होल्ट दिसत असतील, तर विजेची निर्मिती ठीक आहे. ती वाटेतल्या बारीक तारेत, गंजलेल्या लगमध्ये (तारेच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कानात) किंवा इंजिन आणि चॅसिस यांच्यामधल्या सैल अर्थिंगमध्ये वाया जाते आहे. खानापूरकडच्या पावसाळ्यात अनेक वर्षे काढलेल्या गाडीत ही शक्यता बरीच मोठी असते, आणि अशा वेळी नवा अल्टरनेटर घेणे म्हणजे फुटक्या पाइपवर मोठी मोटर बसवणे होय.

अल्टरनेटर खरोखरच अपुरा पडत असेल, तर नवा निवडताना त्याच्यावर छापलेल्या आकड्याला भुलू नये. १०० अँपिअरचा अल्टरनेटर तेवढा प्रवाह स्वतःच्या मिनिटाला सुमारे ६००० फेऱ्यांना देतो. इंजिन ७५० फेऱ्यांवर संथ चालत असेल आणि पुलींचे प्रमाण अडीच पट असेल, तर अल्टरनेटर मिनिटाला १९०० फेऱ्यांच्या आतच राहतो आणि त्या वेगाला कित्येक अल्टरनेटर छापील क्षमतेच्या निम्मेही देत नाहीत. चोर्ला घाटात पावसात, ट्रकच्या मागे रांगत जाताना वायपर, दिवे आणि काच सुकवणारा ब्लोअर हे सारे एकाच वेळी चालू असतात. वीज सर्वांत जास्त लागते तेव्हाच ती सर्वांत कमी तयार होते. म्हणून विक्रेत्याकडे संथ वेगावरचा आकडा मागावा. तो सांगता येत नसेल, तर मी तरी तो अल्टरनेटर घेणार नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. अनेक जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेक बूस्टरला, म्हणजे पेडलवरचा पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याला, लागणारा व्हॅक्युम पंप अल्टरनेटरच्याच पाठीवर बसवलेला असतो आणि त्याला इंजिनाचे तेल पुरवणारी व परत नेणारी नळी जोडलेली असते. कारचा मोठा अल्टरनेटर स्वस्तात मिळाला म्हणून तो बसवला आणि हा पंप गेला, तर ब्रेकचा पेडल दगडासारखा कडक होतो. त्यामुळे पंपासहित येणारा मोठा अल्टरनेटरच शोधावा, किंवा पंपाची वेगळी व्यवस्था जाणकार मिस्त्रीकडून पक्की करून घ्यावी. याबाबतीत तडजोड नको. पंप असताना पुली लहान करून वेग वाढवण्याचाही मोह टाळावा, कारण पंपाला वेगाची स्वतःची मर्यादा असते.

नव्या अल्टरनेटरचे बोल्ट जुन्या ब्रॅकेटला जुळतीलच असे नाही. याबाबतीत बेळगावकर नशीबवान आहेत, कारण उद्यमबागेत आणि मच्छ्यात लेथवर पुली व बुश करून देणारी वर्कशॉपे जवळच आहेत. नमुना म्हणून जुना अल्टरनेटर सोबत न्यावा आणि दोन्ही पुली एका रेषेत येतात की नाही हे सरळ पट्टी लावून तपासावे, कारण थोडाही फरक राहिला तर फॅन बेल्ट कडेने झिजतो. ९० अँपिअर प्रवाह तयार करताना इंजिनाची सुमारे ३ अश्वशक्ती खर्च होते. एवढा भार जुन्या एकेरी व्ही बेल्टला जेमतेम पेलतो. त्याच्या पुढे जायचे असेल तर दुहेरी बेल्ट किंवा रिब असलेला रुंद बेल्ट घ्यावा.

तार बदलल्याशिवाय काम पूर्ण होत नाही. अल्टरनेटरपासून मागच्या बॅटरीपर्यंत जाऊन-येऊन ८ मीटर अंतर आणि ८० अँपिअर प्रवाह धरला, तर १० चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत सव्वा व्होल्टच्या आसपास दाब वाया जातो. २५ चौरस मिलिमीटरच्या तारेत तो अर्ध्या व्होल्टच्या आत राहतो. तेवढ्याच जाडीची पट्टी इंजिन आणि चॅसिस यांच्यामध्येही द्यावी. दोन्ही बॅटरींच्या धन टोकापासून वीतभर अंतरात फ्यूज असावा, कारण घासून उघड्या पडलेल्या तारेला बॅटरी कोणत्याही बाजूने प्रवाह देऊ शकते.

काम सुरू करताना बॅटरीचे ऋण टोक आधी काढावे आणि इंजिन चालू असताना बॅटरी कधीही सोडवू नये. त्या क्षणी उसळणाऱ्या दाबाने रेग्युलेटर आणि डायोड जातात. डॅशबोर्डवरच्या चार्जिंगच्या लाल दिव्याची तार नव्या अल्टरनेटरला जोडावी आणि तिथे मूळचा बल्बच ठेवावा. अनेक अल्टरनेटरांना चेतवणारा सुरुवातीचा प्रवाह त्या बल्बमधूनच जातो आणि एलईडी लावला तर तो पुरत नाही.

मागची बॅटरी लेड ॲसिड असेल तर चांगल्या रिलेवर, म्हणजे इंजिन चालू असतानाच दोन्ही बॅटरी जोडणाऱ्या विजेच्या स्विचवर, भागते. लिथियम असेल तर मध्ये ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (एका बॅटरीकडून दुसरीकडे ठरावीकच प्रवाह जाऊ देणारा) घालावाच, कारण लिथियम बॅटरी मिळेल तेवढा प्रवाह ओढते आणि संथ वेगावर पंख्याची हवा कमी असताना अल्टरनेटर जळू शकतो.

शेवटी सगळा भार लावून अर्धा तास इंजिन चालवावे, ब्रेकचा पेडल दाबून पाहावा, तेलाच्या नळ्यांखाली कागद धरून गळती तपासावी, आणि इंजिन बंद केल्यावर लग व फ्यूजच्या जोडांना सावधपणे हात लावून पाहावा. जो जोड हाताला चटका देतो, तो पुन्हा घासून आवळावा लागतो. नवा बेल्ट पहिल्या काही दिवसांत ताणतो, म्हणून घाटाच्या प्रवासाला निघण्यापूर्वी तो एकदा पुन्हा आवळून घ्यावा.