अँबॅसिडरच्या हेडमध्ये एक्झॉस्ट सीट रिंगा कशा बसवाव्यात

१ फेब्रुवारी २००० पासून देशात शिशाचं पेट्रोल बंद आहे, तरी "टाकीत शिशाच्या बदली औषधाची बाटली ओता, झालं काम" हा सल्ला नागपुरात अजून मिळतो. शिशाचा थर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (जळालेला वायू बाहेर सोडणारी झडप) आणि सीट (बंद झाल्यावर ती जिथे टेकते ती कड) यांच्यामध्ये गादीसारखा बसायचा. तो नसला की लाल झालेला व्हॉल्व्ह ओतीव लोखंडाच्या सीटला चिकटतो, उघडताना तिचे कण उपटतो आणि हळूहळू हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणात, धसत जातो. टॅपेटचा गॅप (व्हॉल्व्ह आणि तो दाबणारा दांडा यांमधली फट) वारंवार कमी होत असेल, तर हेच चाललंय. यावर उपाय म्हणजे जुनी सीट कापून तिथे कठीण धातूची रिंग बसवणं.

हे सगळं जुन्या १४८९ सीसी पेट्रोल अँबॅसिडरसाठी. पद्मिनीचं हेड अॅल्युमिनियमचं, त्यात रिंगा आधीच असतात. तिच्या नादी लागू नका. गाडी फक्त रविवारी सिव्हिल लाइन्सला फेरी मारणारी असेल, तर हेडचं गॅस्केट जाईपर्यंत थांबलात तरी चालेल; तेव्हा हेड उतरवावंच लागतं.

हेड उतरवा, धुवा, दोन व्हॉल्व्हच्या मधल्या पट्टीवर तडा दाखवणारा रंग (डाय) लावून तडा बघा. गाइड (व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी) आधी बदला, कारण कटरचा पायलट, म्हणजे त्याला मध्यावर धरणारा दांडा, गाइडमध्येच बसतो. बदल फक्त चार एक्झॉस्ट सीटचा. इनटेकला आत येणारं मिश्रणच थंड ठेवतं.

आता रिंगा बसवायच्या खाचा. मी पहिल्यांदा फसलो तो इथेच. बोअरिंगवाल्याला रिंगेच्या पाकिटावरचं माप सांगितलं, त्याने खाच नेमकी तेवढीच कापली. रिंग बोटाने दाबली तर आत गेली, मला वाटलं काय सुरेख काम! पुढे वर्धा रोडवर ती सैल झाली आणि व्हॉल्व्ह जळला. व्हॉल्व्हची उष्णता सीटमधूनच हेडच्या पाण्यात जाते. रिंग घट्ट आणि तळाशी टेकलेली नसली, तर जायला वाट उरत नाही.

तेव्हापासून पाकीट वाचत नाही. प्रत्येक रिंग मायक्रोमीटरने मोजायची, खाच तिच्यापेक्षा तीन थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) लहान, तळ सपाट. खोली रिंगेच्या उंचीएवढीच. जास्त खोल गेलात तर पाण्याच्या जॅकेटमध्ये निघाल.

"घरच्या फ्रीजरमध्ये ठेवा" हेही ऐकू नका. साधारण ३५ मिलिमीटरची रिंग तिथे पाऊण थाऊसुद्धा आखडत नाही. हेड भट्टीत १५० अंशांपर्यंत तापवलं की खाच दोनेक थाऊ मोठी होते; दोन्ही मिळून तीन भरत नाहीत, रिंग अर्ध्यावर अडकते. अडकलेल्या रिंगेवर हातोडा मारणाऱ्याला मी हेडला हात लावू देत नाही. सुका बर्फ आणा. उणे ७८ अंशांवर रिंग दीड थाऊ आखडते, म्हणजे एकूण साडेतीन. अर्ध्या थाऊची मोकळीक, बस्स. मे महिन्यातल्या नागपुरात रिंग हातात दोन सेकंदही धरू नका. चिमट्याने उचला, सरळ टाका, मॅन्ड्रेलने (रिंग सरळ बसवायचा दांडा) एकदा ठोका. तळाला लागली की आवाज बद्द न येता खणखणीत येतो. हेड निवेपर्यंत दाब सोडू नका.

मग रिंगेवर ४५ अंशांचा कट, स्टेलाइट (उष्णतेत टिकणारा कठीण मिश्रधातू) लावलेले नवे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थोडं लॅपिंग (पेस्ट लावून व्हॉल्व्ह सीटवर घासणं). इंजिन गरम असताना टॅपेटचा गॅप १५ थाऊ. ५०० किलोमीटरनंतर पुन्हा फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावा आणि आठही व्हॉल्व्हचे आकडे वहीत लिहा. एखादा आकडा घटलेला दिसला, तर हेड पुन्हा उतरवायचं.