कोकणात घराचा पाया आणि जोतं: बजेट रुपयात नाही, आधी ब्रासमध्ये काढा

आमच्या घराच्या कोटेशनमध्ये पायाची एकच ओळ होती, 'पाया व जोते, सर्व धरून', आणि पुढे गोल आकडा. मीपण खूष, कारण गावात सगळे असंच करतात. नंतर सहा तासांचा सांगितलेला ब्रेकर (कातळ फोडणारं मशीन) २२ तास चालला आणि भरावाच्या गाड्या तर मी मोजायच्याच सोडून दिल्या. दर इथे मुद्दाम लिहीत नाही, ते दर सीझनला आणि दर तालुक्याला वेगळे. मापं मात्र सगळीकडे तीच (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), आणि फसायला होतं ते मापातच.

कोटेशन मागायच्या आधी जेसीबी दोन तास बोलवा आणि घर जिथे बसणार तिथे तीन-चार कोपऱ्यांत पाच-सहा फुटांचे खड्डे मारून बघा. हा खर्च लोकांना वाया गेल्यासारखा वाटतो, पण पुढचं सगळं गणित यावरच आहे. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर, कातळ लागला की सगळे म्हणतात वा, पाया मजबूत, पण जांभ्याचा कातळ वरून कडक आणि खाली गेलं की मऊ होत जातो, कधी मध्येच पोकळी असते, कधी खाली पिवळट-पांढरी चिकट माती. म्हणजे वरचे तीन फूट ब्रेकरने फोडायचे पैसे द्यायचे आणि खाली मातीच निघायची, असं होऊ शकतं. अशा वेळी इंजिनिअरला खड्डा दाखवा, कधी कधी तो म्हणतो कातळ नका फोडू, फुटिंग (कॉलमखालचा काँक्रीटचा पाया) वरच बसवू, आणि तिथेच निम्मा खर्च वाचतो. समुद्राकाठच्या वाडीत उलटी गंमत, पुळणीत, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, खणायला काहीच त्रास नाही पण चार फुटांवर पाणी, कडा ढासळतात, खड्डा मोठा घ्यावा लागतो आणि पंप दिवसभर चालू. तो पंप आणि डिझेल कोटेशनमध्ये कोणीच लिहीत नाही, तुम्ही लिहून घ्या.

खोदाईचे दर वेगवेगळे मागा, साध्या बकेटचा तास वेगळा, ब्रेकरचा तास वेगळा, मशीन यायचं-जायचं वेगळं. १२ कॉलम आणि ५×५×५ फुटांचे खड्डे धरले तर १५०० घनफूट, म्हणजे १५ ब्रास खोदाई, त्यातला कातळ किती हे ट्रायल खड्ड्यांवरून कळतं. मशीनच्या डॅशबोर्डवर तासाचं मीटर असतं, काम सुरू करताना आणि थांबवताना त्याचा मोबाईलवर फोटो काढा. ऑपरेटर चहाला गेला तरी त्याच्या डायरीत तास चालूच असतो, हे मला फोटो काढायला लागल्यावर कळलं.

आता खरा पैसा खाणारा आयटम, भराव. कोकणात सपाट जागा कोणाकडे असते? आमची जागा बघायला सपाटच वाटायची. मग गवंड्याने पाण्याची नळी लावली, एक टोक वरच्या कोपऱ्यात मी धरलं, दुसरं खालच्या कोपऱ्यात त्याने, आणि नळीतलं पाणी थांबल्यावर टेपने मोजलं तर साडेतीन फुटांचा फरक! म्हणजे वरच्या बाजूला जोतं २ फूट, तर खालच्या बाजूला साडेपाच.

घर ३०×३५ चं, म्हणजे १०५० चौरस फूट. कॉन्ट्रॅक्टरने सगळीकडे २ फूट धरून २१ ब्रास भराव काढलेला. खरी सरासरी पावणेचार फूट, म्हणजे ३९ ब्रास. आणि हा झाला धुम्मस करून, म्हणजे ठोकून, दाबलेला, गाडीतून येणारा माल सुटा असतो, त्यावर २५ टक्के तरी वाढवा, म्हणजे ४९ ब्रास. दोन ब्रासचा डंपर धरला तर १३ खेपांच्या जागी २५ खेपा. त्यात खालच्या बाजूची चिऱ्याची (जांभा दगडाची) भिंत उंच झाली की ती नुसती आडोसा राहत नाही, भरावाचा दाब पेलते, मग रुंदी वाढवा नाहीतर आरसीसी करा, आणि पाणी निघायला भोकं ठेवा. आमच्याकडचा चिरा १४ इंच लांब आणि ७ इंच उंच, १०० चौरस फुटाला साधारण १५० लागतात, फुटलेले धरून दहा-पंधरा जास्त मागवा.

फोडलेला कातळ बाहेर टाकू नका, तोच भरावात खाली जातो. बाहेरून माल आणला तर गाडीवाल्याकडे रॉयल्टीचा पास आहे का बघा, नाहीतर महसूलवाल्यांनी गाडी अडवली की काम तुमचं थांबतं. चिपळूणच्या २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर खाडी-नदीकाठचे लोक जोतं उंच मागतात, बरोबरच आहे, पण या मापाच्या घराला प्रत्येक जादा फूट म्हणजे सुटा माल १३ ब्रास, हे आधी माहीत असू दे.

काँक्रीटचा हिशोब सोपा आहे. १:४:८ (सिमेंट, वाळू, खडी) च्या पीसीसीला, म्हणजे सळई नसलेल्या साध्या काँक्रीटला, ब्रासला १० गोणी सिमेंट, एम२० ग्रेडच्या काँक्रीटला ब्रासला २३ गोणींच्या आसपास. पण समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात उघडं राहणारं काँक्रीट असेल तर काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ त्याहून मजबूत एम३० मागतं, तेव्हा किनाऱ्याजवळ असाल तर एम२० चं कोटेशन स्वस्त म्हणून घेऊ नका. फुटिंगला ५० मिमी कव्हर (सळ्यांवरचा काँक्रीटचा थर) लागतं. खाडीची खारी वाळू नको, विहिरीचं पाणी मचूळ असेल तर तेही नको, सळ्या आतून सडतात आणि ते दहा वर्षांनी दिसतं. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, कोणी जुनंच कोटेशन पुढे केलं तर रेट पुन्हा मागा.

पाखाडीवरचं (पायऱ्यांच्या वाटेवरचं) घर असेल तर अजून एक ओळ वाढवा. गाडी जिथे थांबते तिथून प्रत्येक गोणी, प्रत्येक चिरा, प्रत्येक घमेलं डोक्यावरून जाणार, त्याची मजुरी वेगळी ठरवा, पायऱ्या मोजून ठरवा. माझ्या एका नातेवाईकाला चिरा आणण्यापेक्षा तो वर चढवणं महाग पडलं.

वाळवीचं औषध भराव झाल्यावर, वरचं पीसीसी पडायच्या आधी मारायचं, नंतर आठवलं तर फरशी फोडा.

वेळेचंही बजेट असतं बरं का. दिवाळीनंतर खोदाई सुरू करा. शिमग्याला गावची माणसं आठ-दहा दिवस मिळत नाहीत, एप्रिल-मेमध्ये मजूर आंब्याच्या बागेत जातात, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस दारात. उघड्या खड्ड्यात पाणी भरलं की कडा पडतात आणि खोदाईचे पैसे दुसऱ्यांदा.

अडीअडचणीसाठी ट्रायल खड्डे मारले असतील तर मी १० टक्के बाजूला ठेवीन, नसतील मारले तर ३० तरी ठेवा. पैसे टप्प्याने द्या, आणि भरावाचे तर नऊ-नऊ इंचाचे थर, प्रत्येक थराला पाणी आणि धुम्मस हे स्वतः उभं राहून बघितल्यावरच.

जुनी माणसं जोत्याला एक पावसाळा खाऊ द्यायची. आम्हीपण तसंच केलं, वर आलेल्या कॉलमच्या सळ्यांना सिमेंटची स्लरी फासली, प्लास्टिक बांधलं आणि वरचं पीसीसी न करता मुंबईला निघून गेलो. गणपतीला आलो तर खालच्या कोपऱ्यात दहा बाय पंधराचा भाग चार इंच बसलेला. अर्धा ब्रास माल अजून लागला.