ऑफरोड गाडीला जादा टाकी बसवताय? या चुका टाळा

जादा टाकीचा विषय निघाला की सगळे आधी लिटर मोजतात. ६० बसवू की ८०? पण डिझेल संपलं म्हणून आडरानात अडकलेल्या गाड्या मी फार पाहिल्या नाहीत. टाकीत निम्मं डिझेल असूनही उभ्या राहिलेल्या मात्र बऱ्याच पाहिल्या. त्यातल्या बहुतेक गाड्यांत खोट डिझेलच्या नळीत नव्हती, हवेच्या नळीत होती.

टाकीतून एक लिटर डिझेल बाहेर पडलं की एक लिटर हवा आत यायला हवी. ती वाट म्हणजे ब्रीदर. टाकी बनवणारा त्यासाठी वर एक बारीकशी नळी काढून देतो आणि बसवणारा ती चेसिसच्या आडोशाला लोंबकळत सोडतो. पहिल्याच चिखलात तिचं तोंड बुजतं. मग जादा टाकीवरून इंजिन थेट चालत असेल तर पुढचं ठरलेलं: गाडी सुरू होते, वीस-पंचवीस मिनिटं छान पळते आणि चढ लागला की ओढ सोडते. कितीही रेस द्या, दम येत नाही. बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला तर रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या नळीतला दाब, कमी असल्याचा पी००८७ कोड दिसतो आणि सगळे फिल्टरच्या मागे लागतात.

फिल्टरला हात लावण्याआधी गाडी बाजूला घ्या आणि जादा टाकीचं झाकण हळूच सैल करा. ‘फुस्स’ करून हवा आत ओढली गेली आणि नंतर गाडी नीट चालू लागली, तर दुखणं सापडलं. एका गाडीचे दोन फिल्टर आणि एक पंप बदलून झाले होते. शेवटी टाकी खाली उतरवली, तर वरचा पत्रा ताटलीसारखा आत दबलेला. बाहेरून कुणी ठोकला नव्हता, पंपाने आतून ओढून दाबला होता.

ब्रीदर टाकीच्या सगळ्यात उंच भागातून काढा, फिलरच्या, म्हणजे डिझेल भरायच्या तोंडापेक्षा वर न्या आणि धूळ-पाणी लागणार नाही अशा जागी सोडा. गाडी कलंडली तर डिझेल सांडू नये म्हणून मध्ये रोलओव्हर व्हॉल्व्ह हवाच. नदी-नाल्यातून गाडी काढणाऱ्यांनी उंचीकडे विशेष लक्ष द्यावं. तापलेली टाकी गार पाण्यात शिरली की आतली हवा आक्रसते आणि ब्रीदरचं तोंड बुडालेलं असेल तर तिथून सरळ पाणी आत ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी ‘डिझेलमध्ये भेसळ होती’ म्हणून पंपवाल्याच्या नावाने शिव्या!

भरताना नोझल सारखं कट होतंय? तीही हवेचीच तक्रार. आतली हवा तितक्याच झपाट्याने बाहेर पडावी म्हणून फिलरच्या तोंडापर्यंत वेगळी, जाड नळी लागते. आणि टाकी गळ्यापर्यंत भरू नका. ८० लिटर डिझेल २५ अंशांनी तापलं की दीड लिटरहून जास्त फुगतं. पहाटे काठोकाठ भरलेली गाडी दुपारी उन्हात थेंब गाळते, त्याचं कारण हे.

रिटर्न लाईनचा विसर

कॉमन रेल इंजिन (एकाच नळीतून सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणारं) ओढलेलं सगळं डिझेल जाळत नाही, बराच भाग रिटर्न लाईनने टाकीत परत पाठवतं. आता सप्लाय जादा टाकीतून घेतला आणि रिटर्न मूळ टाकीलाच राहिला, तर काय होईल? मूळ टाकी भरलेली असेल तर ती उतू जाते. सप्लाय आणि रिटर्न एकदम फिरवणारा व्हॉल्व्हच बसवावा लागतो.

माझं विचाराल तर बहुतेकांनी या भानगडीत पडूच नये. जादा टाकीतलं डिझेल छोट्या पंपाने मूळ टाकीत घ्यावं, इंजिनच्या लाईनला हात लावू नये. काही बिघडलंच तर मूळ टाकीवर गाडी घरी येते. यातही एक फसगत आहे. काही इलेक्ट्रिक पंप बंद असले तरी त्यांच्यातून डिझेल वाहतं. जादा टाकी उंचावर असेल तर रात्रीतून सगळं मूळ टाकीत उतरतं आणि सकाळी गाडीखाली थारोळं. सोलेनॉइड व्हॉल्व्ह (वीज बंद झाली की वाट बंद करणारी झडप) लावला की हा प्रश्न मिटतो. पंप चालू राहिल्याचं कळावं म्हणून डॅशबोर्डवर दिवा हवा आणि फ्यूज बॅटरीजवळ. एकदा घड्याळ लावून पंपाला १० लिटर काढायला किती वेळ लागतो ते बघून ठेवा. मग अंदाजाने बटण दाबायची वेळ येत नाही.

बसवण्यातल्या चुका

८० लिटर डिझेल म्हणजे साधारण ६७ किलो, टाकीचं वजन वेगळं. ते मागच्या ॲक्सलच्याही मागे टांगलं की पाटे बसतात, पुढची चाकं हलकी होतात आणि हेडलाईट आभाळाकडे बघतात. दोन ॲक्सलच्या मध्ये जागा मिळाली तर उत्तम, फक्त सायलेन्सरपासून लांब.

खडकात चेसिस पिळवटते. टाकी चारही कोपऱ्यांत घट्ट आवळली तर तो पीळ टाकीवर येतो आणि वेल्डिंगला तडा जातो. तीन ठिकाणी, रबर बुशवर बसवा. पट्टीखाली स्पंज मात्र नको. तो ओला चिखल धरून ठेवतो आणि ॲल्युमिनियमची टाकी तिथेच गंजते. आत आडवे पडदे नसतील तर डिझेल हिंदकळून प्रत्येक वळणावर गाडीला ढकलतं.

गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची टाकी स्वस्त पडते, पण डिझेल आणि जस्त यांचं जमत नाही. त्यातून साबणासारखा चोथा होतो आणि तो इंजेक्टरपर्यंत पोचतो. तांब्याच्या नळ्याही नकोत. पाण्याचा पाईप तर अजिबात नको, डिझेलने तो फुगून मऊ पडतो. आणि वापरलेली टाकी ‘रिकामीच आहे’ म्हणून वेल्डिंगला देऊ नका. स्फोट आतल्या वाफेचा होतो, त्याला डिझेल भरलेलं असावं लागत नाही.

डिझेलचा काटा उलटा दाखवत असेल तर सेंडर (टाकीतली पातळी मोजणारा भाग) आणि मीटरचे ओहम (विजेचा रोध) जुळत नाहीत. काही सेंडर २४०–३३ चे असतात, काही १०–१८० चे. दोन्ही एकाच मेळाचे घ्या.

पेट्रोल गाडीचं गणितच वेगळं. तिथे वाफ कॅनिस्टरकडे (ती शोषून ठेवणाऱ्या डब्याकडे) नेणारी बंद यंत्रणा असते. तिला उघडा ब्रीदर जोडला की चेक इंजिनचा दिवा आणि वाफ गळत असल्याचा पी०४५५ कोड ठरलेला, आणि पेट्रोलची वाफ मोकळी सुटते ते निराळंच. पेट्रोलसाठी घरगुती प्रयोग नकोतच.

टाकी बसली की लगेच फुल करू नका. १० लिटर टाका, खाली पुठ्ठा पसरून रात्रभर ठेवा, सकाळी डाग शोधा. मग फुल करून पुन्हा तेच, कारण वरचे जोड टाकी भरल्यावरच बोलतात. प्रत्येक नटवरून ब्रॅकेटपर्यंत रंगाची एक रेघ ओढा आणि शंभरेक किलोमीटर खराब रस्त्याने फिरून या. रेघ तुटलेली दिसली तो नट सैल झालाय. फिल्टरही त्याच फेरीनंतर बदला, नव्या टाकीतला वेल्डिंगचा चुरा तोवर त्यात जमलेला असतो.