जीडीपी वाढला म्हणजे देश पुढे गेला? आकडे वाचताना या चुका टाळा

जगातली सगळ्यात मोठी अर्थव्यवस्था कुणाची यावर ऑनलाइन कायम जुंपलेली असते, एक म्हणतो अमेरिका, दुसरा म्हणतो चीन, आणि गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात. जीडीपीचा, म्हणजे देशात वर्षभरात तयार झालेल्या माल-सेवांच्या एकूण किमतीचा, डॉलरच्या बाजारभावाने हिशोब केला तर अमेरिका वर, आणि त्या त्या देशात तेवढ्या पैशात किती काय मिळतं ते धरून, म्हणजे पीपीपीने केला तर चीन वर. त्यामुळे दोन साइटवर दोन आकडे दिसले की लगेच एकाला फेक ठरवू नका, आधी एवढं तपासा: बाजारभाव की पीपीपी, महागाई वजा केलीय की नाही, एकूण की दरडोई, आणि आकडा नक्की कुठल्या वर्षाचा. बरीचशी भांडणं इथेच मिटतात.

वर्षाच्या बाबतीत तर लोक हमखास फसतात. यूएनडीपीचा (संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा) मानव विकास अहवाल मे २०२५ मध्ये आला, पण त्यातला एचडीआय, म्हणजे मानव विकास निर्देशांक, २०२३ चा आहे. अहवाल आला रे आला की "बघा काय करून दाखवलं" अशी पोस्ट टाकणाऱ्यांनी एवढं तरी बघावं, नाहीतर श्रेय (किंवा शिव्या) भलत्याच सरकारच्या खात्यात जातात.

आकड्याने उडी मारली म्हणजे देशाने मारली असं नाही

ही सगळ्यात मोठी चूक. आयर्लंडचा जीडीपी २०१५ या एकाच वर्षात साधारण २५ टक्क्यांनी वाढला. मग तिथल्या माणसांचे पगार सव्वापट झाले का? अजिबात नाही. काही बड्या मल्टिनॅशनल कंपन्यांनी टॅक्सच्या सोयीसाठी आपली पेटंट वगैरे मालमत्ता कागदोपत्री आयर्लंडला हलवली आणि त्यावरची कमाई तिथल्या जीडीपीत धरली गेली. इतकं की शेवटी तिथल्याच सांख्यिकी कार्यालयाला २०१७ पासून हा फुगवटा काढलेला वेगळा सुधारित आकडा द्यायला लागला.

नायजेरियाचं वेगळंच. एप्रिल २०१४ मध्ये त्यांनी हिशोबाचं आधारवर्ष (ज्या वर्षाच्या किमती आणि धंदे धरून मोजतात ते) १९९० वरून २०१० वर आणलं, टेलिकॉम, सिनेमा असे मधल्या काळात वाढलेले धंदे नीट मोजले आणि २०१३ चा जीडीपी एका फटक्यात ८९ टक्क्यांनी मोठा झाला, दक्षिण आफ्रिकेला मागे टाकून आफ्रिकेत पहिला नंबर. कुणाच्या खिशात एक पैसा जास्त आला नाही, जे आधीपासून होतं ते फक्त मोजलं गेलं. तेव्हा ग्राफमध्ये असा सरळ उभा कडा दिसला की पहिला संशय मोजण्याच्या पद्धतीवर घ्या. वाढीचा दर बघताना लोकसंख्या पण बघा, कारण जीडीपी ३ टक्के वाढला आणि माणसंही ३ टक्के वाढली तर दरडोई काय वाढलं? शून्य.

एचडीआय म्हणजे सुखाचा निर्देशांक नव्हे

पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन वगैरेंना सोबत घेऊन १९९० मध्ये हा आणला, तो जीडीपीच्या एकछत्री राज्याला उत्तर म्हणून. त्यात तीनच गोष्टी येतात: आयुर्मान, शिक्षण, दरडोई उत्पन्न. बोलायचं स्वातंत्र्य, प्रदूषण, स्त्रियांची सुरक्षितता यातलं काहीही त्यात नाही, तरी लोक त्याच्यावरून तेही सिद्ध करायला बघतात.

आतलं गणित मात्र हुशारीचं आहे. प्रत्येक गोष्टीला ० ते १ मध्ये गुण मिळतात. उत्पन्न लॉगमध्ये (किती पटीने वाढलं ते बघणाऱ्या गणिती मापात) घेतात, म्हणून दरडोई १,००० डॉलरचे २,००० झाले काय किंवा २०,००० चे ४०,००० झाले काय, उत्पन्नाच्या निर्देशांकात भर सारखीच, साधारण ०.१०, आणि ७५,००० डॉलरच्या वर कितीही गेलात तरी एक गुण जास्त मिळत नाही. शिवाय २०१० पासून तिन्हींची साधी सरासरी न काढता गुणाकार करून घनमूळ काढतात. आरोग्य ०.९, शिक्षण ०.९ आणि उत्पन्न ०.३ असेल तर साधी सरासरी ०.७ आली असती, या पद्धतीने ०.६२ येते, म्हणजे एका विषयातली नापासी बाकीच्या दोन विषयांत लपवता येत नाही. पद्धत बदलली म्हणूनच २००८ च्या अहवालातली रँक आणि आजची रँक शेजारी ठेवून "आपण घसरलो" म्हणणं चुकीचं. जुनी वर्षं हवी असतील तर त्याच नव्या अहवालात मागच्या वर्षांचं पुन्हा मोजलेलं टेबल असतं, ते वापरा.

गरिबी रेषेचे डॉलर बाजारातले नाहीत

जागतिक बँकेची अतिगरिबीची रेषा जून २०२५ मध्ये दिवसाला २.१५ वरून ३ डॉलर झाली. लगेच लोक आजच्या एक्स्चेंज रेटने गुणाकार करून मोकळे! हे पीपीपी डॉलर आहेत, २०२१ च्या किमतींवरचे, त्यांना बाजारभाव लावला की गरीब देशांसाठी रेषा आहे त्यापेक्षा खूप वर दिसते. आणि रेषा सरकवल्यामुळे जगातले अतिगरीब कागदावर बारा कोटींहून जास्तीने वाढले, त्यांची परिस्थिती त्या दिवशी बिघडली म्हणून नव्हे.

आयुर्मानाचंही पटकन सांगतो. सरासरी ५६ म्हणजे लोक छप्पन्नाव्या वर्षी मरतात असं नाही. दहातली दोन मुलं तान्ही असतानाच गेली आणि बाकीचे आठ सत्तरीपर्यंत जगले तरी सरासरी ५६ च येते, अशा देशाचा खरा प्रश्न म्हातारपण नसून बाळंतपण आणि लसीकरण असतो.

बाकी रँकिंगचं म्हणाल तर जागतिक बँकेची डुइंग बिझनेस, म्हणजे कुठल्या देशात धंदा करणं किती सोपं याची यादी आठवत असेल. त्यात वर चढायला सरकारं अगदी मुद्दाम नियम बदलायची, आणि मग २०१८ आणि २०२० च्या आवृत्त्यांमधल्या आकड्यांत गडबड सापडली म्हणून सप्टेंबर २०२१ मध्ये बँकेने ती यादीच बंद केली. कुणी अजूनही तिच्यातली रँक तोंडावर फेकत असेल तर आधी हे सांगा, बाकीचा वाद नंतर.